गळणारा प्रकाश

कारखान्यातून बनून आलेल्या नव्या चिपमध्येही, बारीक वाटेने जाणारा प्रकाश वळणावर गळत होता. क्वांटम संगणकासाठीचं ते वळण शाल्मलीनेच आखलं होतं, वर्षभर पुन्हा पुन्हा बदललं होतं.

“पैसे गुंतवणारे पाहुणे आलेत. गणितातून काढलेला आलेख दाखव,” साहेब म्हणाले.

“पण सर, चिप चालत नाहीये.”

“ते त्यांना कशाला सांगायचं?”

ती धुसफुसतच बैठकीत गेली. पडद्यावर तो देखणा आलेख झळकत होता; त्यात प्रकाश कुठेच गळत नव्हता. तिने तो बंद केला. “खरं सांगते, चिप चालत नाही. प्रकाश गळतोय.” साहेबांचा चेहरा पडला.

पाहुण्यांमधल्या एक वयस्कर बाई उठून जवळ आल्या. “नेमका कुठे गळतोय? दाखव बघू.”

वर्षभर सगळ्यांनी तिला ‘कधी होणार’ एवढंच विचारलं होतं. शाल्मलीने बाईंसाठी खुर्ची ओढली.