पुलावरची बाई काय म्हणते

सायरन वाजला तेव्हा दौलत ड्यूटीवर होती, आणि जुबेदाला बॉम्बच्या भीतीतही बरं वाटलं.

युनूसने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेलंच होतं. इराकची स्कड क्षेपणास्त्रं सौदीतल्या अल-खोबरच्या बाजूला यायला लागल्यापासून हीच खोली त्यांचा आसरा होती. नऊ वर्षांची इफरा रडत म्हणाली, "अब्बा, पिक्चर लावा ना!"

"पण सांगणार कोण? दौलत नाही," युनूस म्हणाला.

दौलत शेजारची नर्स, श्रीवर्धनची. एकटी राहायची, म्हणून सायरन झाला की यांच्याकडे यायची. तिच्या इस्पितळातली फ्रेंच डॉक्टरीण मायदेशी पळताना तिला या पिक्चरची कॅसेट देऊन गेली होती. प्रेमाचा, हसवणारा पिक्चर. बेकरीवाला नवरा, पिवळ्या फ्रॉकमधली बायको. दौलत त्यांचं फ्रेंच बोलणं मराठीत सांगायची आणि युनूस पोट धरधरून हसायचा.

जुबेदाला ते हसू टोचायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली दहा तिने हर्णैला त्याच्या पत्रांवर काढली. इथे येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. दौलत मात्र त्याला सहा वर्षं ओळखत होती. त्याला चहात साखर किती लागते, हे तिला विचारावं लागत नव्हतं.

"मी सांगते," जुबेदा म्हणाली.

युनूसने कॅसेट सुरू केली. पुलावर पाऊस पडत होता. छत्री फेकून बायको नवऱ्यावर ओरडत होती.

"ती म्हणतेय," जुबेदाची नजर पडद्यावरून हलली नाही, "इतकी वर्षं वाट बघितली तुमची. आता आले, तर तुम्ही हसता दुसरीबरोबर. माझ्याशी बोलता ते मीठ कमी पडलं की. मी कोण आहे तुमची?"

लांब कुठेतरी धडाडधूम झालं. प्लास्टिक थरथरलं. इफरा आईला बिलगली.

युनूसने पिक्चर थांबवला.

"जुबेदा, मी इथे आलो तेव्हापासून फ्रेंच कंपनीत आहे. साहेबांशी रोज फ्रेंचच बोलतो. तुला हे कधी सांगितलंच नाही मी." तो तिच्याजवळ येऊन बसला. "दौलतला फ्रेंचचा एक शब्द येत नाही. तिच्या थापांनाच मी हसायचो. पुलावरची बाई काय म्हणते, ते आज पहिल्यांदा कुणीतरी बरोबर सांगितलं."