ऊब

कोल्ह्याने मेरेरिडची सगळी बदकं नेली होती. त्यांची उरलेली अंडी घरातल्या उबवणी यंत्रात होती. वादळात वीज गेली आणि यंत्र गार पडू लागलं. शेगडीही विजेचीच. अंडी स्वेटरमध्ये गुंडाळली, तर तिचेच हात बर्फासारखे! रडकुंडीला येऊन ती नवऱ्याच्या खोलीत धावली.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला एमरिस भिंतीकडे बघत रोजचंच बोलला, "माझा कुणाला उपयोग नाही गं. सुटलो तर बरं."

"मरायचं ते उद्या मर! आधी ही सांभाळ," म्हणत तिने अंडी त्याच्या पांघरुणात, पोटाशी सरकवली.

संध्याकाळी वीज आली. ती अंडी परत न्यायला गेली.


तो हळूच म्हणाला, "राहू दे गं इथंच. यंत्राचा काय भरवसा?"