रांग टाळायची युक्ती

तिकडे स्वयंपाकाला बाई मिळत नाही, हे कळल्यावर कायमचं परदेशी निघालेल्या मुलाचं आईवरचं प्रेम एकाएकी उतू गेलं. "तू इथे एकटी कशी राहशील? आमच्याबरोबरच चल," म्हणाला.

आई रोज टेकडी चढून येणाऱ्या, अगदी ठणठणीत. तरी त्यानं त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली. "व्हीलचेअर असली की घरच्यांनाही रांगेतून सुटका मिळते. तू फक्त अधूनमधून कण्हत जा," त्यानं बजावलं. पहिल्या विमानतळावर युक्ती झकास चालली. पुढे विमानात सूनबाई लँडिंग होईपर्यंत त्यांना नव्या घरातली कामं समजावत राहिल्या. डबे, भांडी, इस्त्री, आणि आठवड्याला पडदे.

विमान बदलायच्या ठिकाणी मात्र व्हीलचेअर ढकलणारा माणूस ऐकेना. "फक्त आजींना सोडतो, तुम्ही रांगेत या." रांग होती मारुतीच्या शेपटाएवढी. मुलगा आणि सून तिच्या टोकाला घाम पुसत उभे राहिले, आणि आई थेट विमानात जाऊन बसल्या.

दार लावायची वेळ झाली तरी त्या दोघांचा पत्ता नव्हता. हवाई सुंदरीनं आईंपाशी वाकून विचारलं, "आजी, शेजारच्या दोन जागांवरचे तुमच्याच घरचे ना? विमान थोडं थांबवायला सांगू का?"



"छे! मी नाही बाई ओळखत त्यांना," आई म्हणाल्या आणि खुर्च्यांमधला दांडा वर करून ऐसपैस बसल्या.