दोघांच्या सुया

वैजयंतीने सुया खिडकीतून बाहेर फेकल्या. डाव्या हाताने फेकल्यामुळे त्या फार लांब गेल्या नाहीत, अंगणातल्या मेथीच्या वाफ्यात पडल्या. अर्धवट विणलेला करडा स्वेटर त्यांच्यामागून घसरत गेला आणि गजाला अडकून लोंबत राहिला.

"हे परत माझ्या डोळ्यांसमोर आणू नका," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

तिचा नवरा हेमंत सगळं गोळा करून आत आला. चूक त्याचीच होती. थंडी पडली, शेजारच्या बायका लोकर घेऊन उन्हात बसायला लागल्या, म्हणून त्यानेच तिची विणकामाची पिशवी पलंगावर नेऊन ठेवली होती. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास तिला पक्षाघाताचा झटका आला. पाय थोडाफार सावरला, बोलणं साफ राहिलं, पण उजवा हात गेला. तो पुन्हा कामाचा होईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरचं अंगण हिवाळ्यात वैजयंतीचं असायचं. जेवणं आटोपली की ती उन्हात खाट टाकायची. मग क्वार्टरांच्या त्या ओळीतल्या बायका यायच्या. कुणी मटार सोलायचं, कुणी पेरूला तिखट-मीठ लावायचं. स्वेटरचा गळा घालताना ज्या अडायच्या त्या आपलं विणकाम तिच्या मांडीवर टाकायच्या आणि ती गप्पा न थांबवता, खाली न बघता त्यांचे टाके सोडवून द्यायची. सुट्टीच्या दिवशी हेमंत तिथेच पेपर तोंडावर घेऊन झोपायचा. सुयांच्या त्या आवाजात त्याला जशी झोप लागे तशी पलंगावर कधी लागली नाही.

आता त्या बायका आल्या की ती दार लावून घ्यायला सांगायची. मग तिने औषधं थुंकायला सुरुवात केली. मग जेवण. हेमंत वाटी घेऊन बसायचा आणि ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

"वैजू, दोन घास खा."

"कशासाठी? तुम्ही माझी वेणी घालणार, माझं तोंड पुसणार, मला न्हाऊ घालणार. असं किती वर्षं? सोडा मला."

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळीने अन्न द्यावं लागेल. हेमंतची रजा संपत आली होती. तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचा आणि तिथे उभ्याने रडायचा.

सुया फेकल्या त्या दुपारी तो पिशवी घेऊन शेजारच्या मिश्रा भाभींकडे गेला. पिशवी त्यांना देऊनच टाकायची होती. पण त्यांच्या दारात उभं राहिल्यावर त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"भाभीजी, मुझे सिखा दो."

भाभी हसल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. "बैठो भाईसाहब. पहले ऊन उँगली पे लपेटो," म्हणत त्यांनी लोकर त्याच्या बोटाला गुंडाळून दाखवली.

दुसऱ्या दिवशी तो वैजयंतीच्या खिडकीखाली खाटेवर विणायला बसला. डाव्या सुईवरचे टाके त्याला आवरत नव्हते. एक उचलायला गेलं की शेजारचे दोन सुटायचे. घाम आला त्याला. का करतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

"अहो, टाका गळला!"

त्याने वर पाहिलं. ती गज धरून उभी होती.

"कुठे?"

"खाली, खाली. अहो, तो नव्हे! सगळी ओळ उतरेल आता!"

तो आत धावला आणि तिला आधार देत बाहेर घेऊन आला. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली. तिने त्याच्या हातातली डावी सुई काढून घेतली आणि बोटाने टाका टोकाशी आणून ठेवला. त्याने उजवी सुई त्यात घातली, लोकर गुंडाळली, ओढली. तिने पुढचा टाका सरकवला.

एकमेकांना चिकटून बसल्याशिवाय ते जमत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी, सगळ्या ओळीसमोर, असे ते कधी बसले नव्हते. ती फक्त "सुलट", "उलट", "सैल सोडा" एवढंच बोलत होती. भाभी आपल्या अंगणातून एकदा डोकावल्या आणि आत गेल्या.

ऊन भिंतीवर चढेपर्यंत वीतभर विणून झालं. हेमंतला वाटलं, जमलं. तो आत जाऊन वाटीत मऊ भात घेऊन आला. वैजयंतीने ते विणकाम मांडीवर पसरलं होतं. एक कड घट्ट झाली होती, दुसरी सैल. मधे दोन ठिकाणी भोकं दिसत होती. तिने एका भोकात बोट घालून पाहिलं. वाटीकडे तिने पाहिलंही नाही.

"भिकार झालंय," ती म्हणाली.

मग तिने सुई उपसली, लोकरीचं टोक दातात धरलं आणि डाव्या हाताने विणकाम खाली खेचलं. सर्रकन ओळी सुटायला लागल्या.

"अगं, राहू दे! वैजू, राहू दे ना तेवढं!"

ती थांबली नाही. दुपारभराचं सगळं उसवलं आणि वाकड्यातिकड्या लोकरीचा ढीग तिच्या पायाशी पडला. हेमंत वाटी हातात धरून तसाच उभा राहिला. आता त्याच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

"बघताय काय?" ती म्हणाली. "ही लोकर भिजवून वाळत घाला. उद्या सरळ झाली की पुन्हा घालू टाके."