शिवणीतलं कापड

वजन घटवायचं ऑपरेशन करून अनसूयाबाई निम्म्या झाल्या, तेव्हा त्यांनी सगळे ब्लाउज गारखेड्यातल्या शिलाईवाल्या सरूबाईकडून घट्ट करून घेतले होते. “आतलं जादा कापड कापून टाका, आता नाय लागायचं,” ठसक्यात सांगितलंही होतं. दोन वर्षांनी तेच ब्लाउज घेऊन त्या मान खाली घालून मशीनसमोर उभ्या होत्या. जेवण वाटीभरच असायचं, पण दिवेलागणीला मालिका लागली की शेवेचा डबा मांडीवर यायचा. हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. “धुण्यात आटले बघा,” त्या पुटपुटल्या. सरूबाईनं ब्लाउज झटकला. शेवेचा तुकडा मशीनवर पडला. दोघींनी तो पाहिला. सरूबाईनं तो फुंकरीनं उडवला अन् शिवण उसवली. “कापड कापलंच नव्हतं, वहिनी. संध्याकाळी इथं येत जा, हुकं लावू लागा.” तिनं सुई पुढं केली. ती घेण्याआधी अनसूयाबाईंनी बोटं पदराला पुसली.