तिसरं कुलूप

"अहो, मीच त्याला बोलावलं!" सुलभावहिनी कोर्टात ओरडल्या. "दार अडकलं, आत गॅस सुटलेला, सासूबाई बेशुद्ध! कुलपाची कंपनी म्हणते, माणूस उद्या येईल. शेजारच्या सुदामने दोन मिनिटांत उघडलं, म्हणून म्हातारी जिवंत आहे!"

शिक्षा ठरवणारं यंत्र थंडपणे म्हणालं, "आधीच्या घरफोड्या दोन. स्मार्ट कुलपाने ही तिसरी आपोआप नोंदवली. तिसरीला दहा वर्षं."

"चोरी सोडून बारा वर्षं झाली मला!" सुदाम कडलग भडकला. "गाडीवर वडे तळतो मी. माणूस वाचवला तरी चोरच?"

"कारणाचा रकाना नाही," यंत्र म्हणालं.

"रकाना वाढवायला वरून परवानगी लागते," न्यायाधीशसाहेब म्हणाले. "वर्ष तरी जाईल." आणि ते जेवायला उठले.

कोर्टाचं दार उघडेना. तेच कुलूप, तीच कंपनी. शिपायाने लाथा घातल्या, पोलिसाने खांदा लावला. अर्ध्या तासाने सगळे सुदामकडे बघायला लागले.

"सुदामराव," साहेब गोड आवाजात म्हणाले, "जरा बघता का?"

सुदाम बाकावर ऐसपैस बसला.

"चौथीला जन्मठेप आहे साहेब. आधी वर फोन लावा, रकाना वाढवा. मग दार बघू."