बदल करणारा

बाबा कारखान्यात बॉयलरची कंट्रोल रूम सांभाळतात. सेटिंगच्या फाइलमधली दाबाची मर्यादा आपोआप वाढते आणि साहेब खापर फोडतात बाबांवर. "पुन्हा वाढली तर कायमचे घरी बसा!"

माझं डोकंच फिरलं. शाळा सुटल्यावर मी थेट कंट्रोल रूम गाठली. साहेब तिथेच उभे होते.

"मिरचे, आवाज कमी कर," बाबा कुजबुजले.

"का म्हणून? साहेब, मर्यादा कोण वाढवतं, ते तुमच्यासमोरच होऊन जाऊ दे!"

इथली पद्धत अशी, की एकाने आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने टाइप करायचा. बाबांनी वाचला, मी टाइप केला. फाइल सेव्ह केली, नेटवर्कची वायर काढली आणि कीबोर्ड उपटून काखेत मारला.

मर्यादा वाढली. आमच्या डोळ्यांदेखत.

"कोण आहे रे?" मी स्क्रीनवर खेकसले. "लपून काय कांड्या करतोस? हिंमत असेल तर नाव लिही!"

फाइलमधल्या 'बदल करणारा' या ओळीत बाबांचा कर्मचारी क्रमांक होता. तो पुसला गेला. त्याच्या जागी एकेक अक्षर उमटू लागलं. साहेब मागे सरकले. बाबांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट होते.

'बाबा.'

त्यांना बाबा म्हणणारी जगात मी एकटीच आहे. आणि कीबोर्ड माझ्याच काखेत होता.